अतिमानवी नायकाचे चित्रपट आणि ख्रिस्ती आशयसूत्रे : शोध आणि आरोपण यांतील सीमारेषा

रावेरसारख्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्गाला ‘क्रिस्तपुराण’ शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. विद्यार्थी बहुधा केळीच्या बागायतदारांच्या किंवा शेतमजुरांच्या घरांतून आलेले असतात. हरिपाठ, भागवतकथा, कानबाईची गाणी यांचे संस्कार त्यांच्या कानांवर झालेले असतात. बायबलशी मात्र त्यांचा परिचय नसतो. एका वर्षी एका विद्यार्थ्याने ही अडचण आपल्या परीने सोडविली. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या सुपरमॅनच्या चित्रपटाचा आधार घेऊन त्याने एक टिपण तयार केले. आकाशस्थ पित्याने एकुलता पुत्र पृथ्वीवर धाडला, एका साध्या दांपत्याने त्याला वाढविले, वयात आल्यावर त्याला आपल्या कार्याची ओळख पटली, तो मेला आणि परत आला, अशी साम्यांची लांबलचक यादी त्यात होती. मी ते टिपण वर्गात वाचून दाखविले व त्याची प्रशंसाही केली. तेव्हा नवापूरकडील ख्रिस्ती कुटुंबातून आलेली एक विद्यार्थिनी एवढेच म्हणाली, “सर, आमचा येशू उडत नाही.”

वर्गात थोडे हसू उमटले. परंतु त्या वाक्यात जी समीक्षादृष्टी होती ती त्या टिपणात नव्हती आणि माझ्या प्रशंसेतही नव्हती. साम्ये मोजण्याच्या भरात ज्या कथेशी तुलना चालली होती तिचा गाभाच आमच्या हातून निसटला होता. अतिमानवी नायकाच्या, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात सुपरहीरोचे चित्रपट म्हणतो त्यांच्या, संहितेत ख्रिस्ती आशयसूत्रे शोधणे हा आज अभ्यासाचा रूढ विषय झाला आहे. तो कसा अभ्यासावा आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. तीन पातळ्या

प्रथम परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या चित्रपटात ‘ख्रिस्ती आशय आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन भिन्न गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. पहिली गोष्ट प्रतिमेची : पसरलेले बाहू, कुशीतील जखम, रिकामी शय्या, तेहतीस वर्षांचे वय. दुसरी कथारचनेची : पित्याने पुत्राला पाठविणे, परक्या घरी वाढणे, मृत्यू आणि पुनरागमन. तिसरी मूल्याची : सामर्थ्याचा त्याग, अपराध्यांसाठी सोसणे, शत्रूला क्षमा करणे. या तिन्ही पातळ्या एकत्र येतीलच असे नाही. प्रतिमा ख्रिस्ती आणि मूल्य त्याच्या विरुद्ध, असे घडू शकते. आणि एकही ख्रिस्ती प्रतिमा नसताना मूल्य पूर्णपणे ख्रिस्ती असणेही शक्य आहे.

आदिबंधात्मक समीक्षेने आपल्याकडील अभ्यासकांना साम्ये पाहण्याची सवय लावली, ती उपकारक ठरली यात शंका नाही. जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मधील आपल्या ग्रंथात सर्व संस्कृतींतील वीरकथांचा एकच आकृतिबंध दाखविला. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९८२ मध्ये पाश्चात्त्य वाङ्मयाची संकेतव्यवस्था बायबलमध्ये शोधली. या दोन पद्धतींत महत्त्वाचा भेद आहे. कॅम्बेल यांच्या मार्गाने गेले तर ख्रिस्त, बुद्ध, सुपरमॅन हे सारे एकाच वीराचे मुखवटे ठरतात आणि मग ‘ख्रिस्ती’ या विशेषणाला अर्थ उरत नाही. फ्राय यांच्या मार्गाने गेले तर एका विशिष्ट ग्रंथाचे एका विशिष्ट संस्कृतीतील पडसाद तपासावे लागतात. आपल्या विषयाला दुसरा मार्ग अधिक मानवणारा आहे.

२. मराठीतील पूर्वसूत्रे

हा प्रश्न आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. भारतीय चित्रपटाचा आरंभच एका ख्रिस्तपटाच्या दर्शनातून झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत त्यांनी ही आठवण नोंदविली आहे. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ आला.

फाळके यांच्या या अनुभवाचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. ख्रिस्त आणि कृष्ण एकच, असे त्यांनी म्हटले नाही. दैवत पडद्यावर दृश्यमान होऊ शकते, ही शक्यता त्यांनी त्या चित्रपटातून उचलली. रूप घेतले, आशय घेतला नाही. ‘कालियामर्दना’तील बालकृष्ण यमुनेच्या डोहात नागाला नमवितो, तेथे सामर्थ्याचे प्रकटीकरण हाच आनंदाचा विषय आहे. क्रूसावरील असहाय देहाचे दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या प्रेक्षकाने नागाच्या फणीवर नाचणारा देव निर्माण केला, यात विसंगती मुळीच नाही. परंतु उद्या एखाद्याने ‘कालियामर्दना’त ख्रिस्ती आशयसूत्र आहे असे प्रतिपादन केले, तर ते केवळ जन्मकथेवरून केलेले अनुमान ठरेल.

याच्या उलट दिशेचा प्रवास त्यापूर्वी जवळजवळ तीन शतके झाला होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेज्वित फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती वाचकांना त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच ओवीत वाचावयास काहीतरी द्यावे, हा त्यामागील हेतू होता. स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट घेतला, ओवी घेतली, स्वर्गासाठी वैकुंठासारखा शब्दही घेतला. मात्र या साऱ्या मराठी साजाच्या मध्यभागी त्यांनी क्रूस ठेवला, आणि तो मध्यभागी असल्यामुळे भोवतीच्या शब्दांचे अर्थ बदलत गेले.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. टिळकांची पुलाची प्रतिमा आपल्याला पद्धतीच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. पूल दोन तीरांना एक करीत नाही. ते दोन आहेत म्हणूनच पूल लागतो. तुलना करणाऱ्या अभ्यासकाने दोन्ही तीरांवर उभे राहून पाहिले पाहिजे.

३. सुपरमॅन : एका प्रतिमेचे धर्मांतर

आता मूळ उदाहरणाकडे वळू. सुपरमॅन हे पात्र जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केले. जून १९३८ या दिनांकाच्या चित्रकथांच्या अंकातून ते वाचकांपुढे आले. दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले होती. विनाश पावणाऱ्या जगातून आईबापांनी तान्ह्या मुलाला यानात घालून सोडून द्यावे, ही कथा लव्हाळ्याच्या पेटीत ठेवून नदीत सोडलेल्या मोशेच्या कथेशी अधिक जवळची आहे. नायकाचे मूळ नाव काल-एल. त्यातील ‘एल’ हा हिब्रू भाषेत ईश्वरवाचक शब्द आहे. म्हणजे ज्या कथेत आज सर्रास ख्रिस्त पाहिला जातो, तिची पाळेमुळे बायबलच्या जुन्या करारात व स्थलांतरितांच्या अनुभवात असण्याचा संभव अधिक.

ख्रिस्ती रंग तिला प्रामुख्याने चित्रपटांनी दिला. १९७८ मधील रिचर्ड डॉनर दिग्दर्शित ‘सुपरमॅन’ चित्रपटात पिता आपल्या एकुलत्या पुत्राला मानवजातीकडे पाठवीत असल्याचे सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाशी परिचित असलेल्या प्रेक्षकाला त्यातील ध्वनी चुकणे शक्य नाही. २००६ मधील ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये नायकाला कुशीत भोसकले जाते, जगाला वाचविण्यासाठी तो जीवघेणे ओझे अंतराळात नेतो, बाहू पसरून पृथ्वीवर कोसळतो आणि पुढे परिचारिकेला रुग्णालयातील त्याची शय्या रिकामी आढळते. २०१३ मधील ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये तो आपण पृथ्वीवर तेहतीस वर्षे असल्याचे सांगतो, चर्चमध्ये धर्मगुरूशी बोलताना त्याच्या पाठीमागील रंगीत काचेवर गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा ख्रिस्त दिसतो. या चित्रपटाच्या प्रसारासाठी अमेरिकेतील धर्मगुरूंना प्रवचनाची टिपणे पुरविण्यात आली होती. प्रतिमा हेतुपुरस्सर योजल्या आहेत याविषयी मग शंका राहत नाही.

हेतू सिद्ध झाला म्हणजे आशय सिद्ध झाला काय? येथेच अभ्यासकाने थांबून कृतीकडे पाहिले पाहिजे. १९७८ च्या चित्रपटात पित्याने मानवी इतिहासात ढवळाढवळ न करण्याची आज्ञा दिलेली असते. प्रिय स्त्री मृत झाल्यावर पुत्र ती आज्ञा मोडतो आणि काळाची गती उलटी फिरवितो. गेथशेमाने बागेतील प्रसंगाच्या हे नेमके उलट आहे. तेथे पुत्र स्वतःची इच्छा बाजूस सारून पित्याची इच्छा स्वीकारतो. ‘मॅन ऑफ स्टील’च्या अखेरीस, चर्चमधील त्या काचेसमोर बसलेला नायक आपल्या शत्रूची मान मोडून त्याला ठार करतो. एका कुटुंबाचा जीव वाचविण्यासाठी, नाइलाजाने आणि वेदनेने तो हे करतो, हे खरे, पण करतो. चित्र ख्रिस्ताचे आणि कृती दुष्टनिर्दालनाची, असा हा संयोग आहे.

मराठी वाचकाला हा संयोग चटकन ओळखता आला पाहिजे, कारण दुष्टनिर्दालनाची संकल्पना त्याच्या नित्य परिचयाची आहे. सज्जनांचे रक्षण, दुर्जनांचा संहार आणि धर्माची पुनःस्थापना हे अवताराचे प्रयोजन गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. अमेरिकी अतिमानवी नायक आपल्या कार्याने या प्रयोजनाच्या अधिक निकट येतो. त्याला त्या संस्कृतीत उपलब्ध असलेली पावित्र्यदर्शक वस्त्रे तेवढी ख्रिस्ती आहेत.

४. न वापरलेले सामर्थ्य

शुभवर्तमानांतील नायक कसा आहे? मत्तयाच्या चौथ्या अध्यायातील परीक्षेचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान येशूला धोंड्यांच्या भाकरी करावयास सांगतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचवितो. जगातील सर्व राज्यांचे आमिष दाखवितो. अतिमानवी नायकाच्या चित्रपटात हा प्रसंग आला असता तर नायकाने उडी टाकली असती, कारण त्या क्षणासाठीच प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते. येशू उडी टाकीत नाही. पुढे वधस्तंभाशी जमलेले लोक, देवाचा पुत्र असशील तर खाली ये, म्हणून हिणवितात. तो खाली येत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने याचे सूत्र सांगितले आहे : देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिते केले व दासाचे रूप घेतले. आमच्या विद्यार्थिनीचे वाक्य या सूत्राचेच साध्या बोलीतील रूप होते.

म्हणून अतिमानवी नायकाच्या चित्रपटात ख्रिस्ती आशय त्याच्या सामर्थ्यात शोधणे व्यर्थ आहे. तो सामर्थ्य बाजूला ठेवतो तेथे शोध घेतला पाहिजे. तेथेही ते कशासाठी ठेवले हे पाहावे लागते. १९८० च्या ‘सुपरमॅन २’मध्ये नायक आपले सामर्थ्य सोडतो, पण ते स्वतःच्या प्रेमसुखासाठी, आणि कथा त्यास चूक ठरवून सामर्थ्य परत मिळवून देते. हा रिते होण्याचा आभास आहे.

परहितासाठी केलेला त्याग हेही एकट्या ख्रिस्ती परंपरेचे लक्षण मानता येणार नाही. वज्रासाठी अस्थी देणारा दधीची आणि जगासाठी हलाहल कंठात धारण करणारा नीलकंठ आपल्या पुराणांत आहेतच. नवा करार त्यापुढे जी गोष्ट ठेवतो ती अशी : हे सोसणे अपराध्यांसाठी आणि वैऱ्यांसाठीही आहे. वधस्तंभावर खिळणाऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना हा त्या कथेचा कळस होय. निरपराध नागरिकांसाठी प्राण पणाला लावणारा नायक थोर असतो. परंतु त्याच्या शत्रूचे काय झाले, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्याच्या कथेला ख्रिस्ती म्हणता येत नाही.

५. आशय जेथे खरोखर भेटतो

या कसोटीवर सॅम रायमी यांचे स्पायडरमॅनचे चित्रपट अधिक टिकतात. २००४ मधील दुसऱ्या चित्रपटात भरधाव आगगाडी थांबविताना नायकाचे बाहू क्रूसाकृती ताणले जातात. त्याचा मुखवटा तेव्हा नाहीसा झालेला असतो. शुद्ध हरपलेला त्याचा देह प्रवासी हातांवर झेलून आत नेतात आणि हा तर कोवळा पोर आहे, हे त्यांना उमगते. येथे प्रतिमा आणि प्रसंग परस्परांशी सुसंगत आहेत. नायक अत्यंत दुर्बळ झाला असताना क्रूसाचे चित्र आले आहे. त्याच चित्रपटाच्या शेवटी खलनायकाचा संहार होत नाही. त्याची सद्सद्विवेकबुद्धी जागी होते आणि तो स्वतःच्या प्राणाची किंमत देऊन शहर वाचवितो. २००७ मधील तिसऱ्या भागात सूडबुद्धीने व्यापलेला नायक चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यात आपल्या अंगाला चिकटलेले काळे आवरण फेडून टाकतो आणि अखेरीस आपल्या चुलत्याच्या मारेकऱ्याला क्षमा करतो. कलाकृती म्हणून तिसरा भाग दुसऱ्याहून दुबळा आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो क्षमेचा प्रसंग कित्येक पसरलेल्या बाहूंहून मोलाचा आहे.

क्रिस्टोफर नोलन यांचा २००८ मधील ‘द डार्क नाइट’ हे उलट प्रकारचे उदाहरण. तेथे ख्रिस्ती प्रतिमांचा आधार जवळजवळ नाही. तथापि अखेरीस बॅटमॅन दुसऱ्याचे अपराध स्वतःच्या माथी घेतो, आणि ज्या नगरासाठी हे केले त्याच नगराचे रक्षक कुत्रे घेऊन त्याचा पाठलाग करतात. निरपराध्याने अपराध्याच्या जागी उभे राहणे ही ख्रिस्ती तारणविचारातील मध्यवर्ती कल्पना येथे प्रतिमेविना अवतरली आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे : हा सारा त्याग एका असत्यावर उभा आहे. लोकांना सत्य कळू नये म्हणून नायक दोष पत्करतो. शुभवर्तमानात मात्र तारण सत्याच्या साक्षीवर अवलंबून आहे. सूक्ष्म वाचन म्हणजे साम्य आणि भेद यांची अशी एकत्र नोंद.

६. आपल्या परिसरातील दोन कसोट्या

भारतीय चित्रपटांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. २००६ मधील ‘क्रिश’ने नायकाचे नावच कृष्णावरून घेतले, तेथे संकेतव्यवस्था उघडपणे अवताराची आहे. बेसिल जोसेफ दिग्दर्शित ‘मिन्नल मुरळी’ हा २०२१ मधील मल्याळम चित्रपट अधिक विचार करावयास लावतो. त्याचा नायक जेसन हा केरळातील एका गावचा, ख्रिस्ती घरात वाढलेला शिंपी आहे. चर्च आणि त्याचा उत्सव गावाच्या जीवनात जसे असावेत तसे आहेत; कोणीही त्यांचे प्रतीक केलेले नाही. अशा ठिकाणी ‘ख्रिस्ती वातावरण’ आणि ‘ख्रिस्ती आशय’ यांत गल्लत करू नये. पंढरीच्या वारीचे दृश्य असलेला प्रत्येक मराठी चित्रपट जसा वारकरी आशयाचा नसतो, तसेच हे आहे.

दुसरी कसोटी खानदेशाच्या वेशीवरच्या मालेगावची. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर यांनी तुटपुंज्या साधनांनिशी सुपरमॅनचे विडंबन चित्रित केले. ते चित्रीकरण फैझा अहमद खान यांनी २००८ मधील ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपले, आणि रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या चित्रपटाने २०२५ मध्ये त्या मंडळींची कथा सर्वदूर नेली. नासिर यांचा सुपरमॅन म्हणजे शफीक हा यंत्रमागावर काम करणारा, काडीसारख्या अंगाचा तरुण. पुढे कर्करोगाने त्याचे निधन झाले. दुर्बळ देह, दासाचे रूप, अकाली मृत्यू ही सूत्रे जुळवून येथे ख्रिस्त पाहण्याचा मोह अभ्यासकाला होऊ शकतो. मलाही तो झाला होता. पण तो आवरला पाहिजे. नासिर यांच्या संहितेतील दुबळेपण हास्यासाठी योजलेले आहे. नटाचे मरण ही जीवनातील घटना आहे, संहितेतील नव्हे. आणि ज्या मुस्लिम कारागिरांनी आपल्या गावाच्या आनंदासाठी हा खेळ मांडला, त्यांच्या निर्मितीवर आपल्या अभ्यासविषयाची मोहोर उमटविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. काहीच न सापडणे हाही संशोधनाचा प्रामाणिक निष्कर्ष असतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून अभ्यासकाने क्रमाने विचारावयाचे तीन प्रश्न हाती येतात. प्रतिमा आहे काय, आणि ती हेतुपुरस्सर ठेवल्याचा पुरावा कोणता? त्या प्रतिमेशी नायकाची कृती सुसंगत आहे काय? आणि त्याच्या त्यागात अपराध्याला व वैऱ्याला जागा आहे काय? पहिल्या प्रश्नापाशी थांबणारे लेखन प्रतिमांची सूची देते. तिसऱ्या प्रश्नापर्यंत जाणारे लेखन आशयाचा शोध घेते.

यात केवळ पद्धतीचाच प्रश्न नाही. सर्वत्र ख्रिस्त पाहणाऱ्याला अखेर तो कोठेच दिसेनासा होतो. आणि ‘हे सारे आमच्या अवतारकल्पनेतच आहे’ असे म्हणून मोकळे होणारा वाचक, वर्गात आपल्या शेजारी बसलेल्या व्यक्तीची श्रद्धा न ऐकताच तिच्याविषयी निर्णय देतो. त्या विद्यार्थ्याने पुढे आपले टिपण पुन्हा लिहिले. साम्यांची यादी त्याने आखूड केली आणि तिच्यापुढे भेदांची दुसरी यादी जोडली; ती यादी त्याने नवापूरच्या त्या विद्यार्थिनीकडून मत्तयाचे शुभवर्तमान मागून आणून तयार केली होती. ‘क्रिस्तपुराणा’चे अध्यापन त्या वर्षी तेथून खऱ्या अर्थाने सुरू झाले.